कोपरा कापू नका की!

आमच्या बेळगावात सध्या एक मागणी जोरात आहे. मेन रोडवरून गल्लीत वळताना गाड्यांना अडचण होते, तर कोपरा कापून मोठ्या त्रिज्येचा गोल करा, वळण ऐसपैस झालं की अपघात आपोआप कमी होतील. ऐकायला पटतं, पण फिजिक्स नेमकं उलट सांगतं, आणि माझा आवडता विषय असल्यामुळे जरा लांबण लागणार हाय, सांभाळून घ्या.

वळणारी गाडी आतल्या बाजूला ओढायला बल लागतं, ते टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून मिळतं. त्यासाठीचं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या, शाळेत शिकलोय सगळे. आता टायर घसरायच्या बऱ्याच आधी ड्रायव्हरचं अंग बाजूला झुकतं, सीटवरची भाजीची पिशवी कलंडते आणि त्याचा पाय ब्रेकवर जातो. ही सोसण्याची मर्यादा गुरुत्वाच्या साधारण पाव धरू, म्हणजे २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. मग ३ मीटर त्रिज्येच्या वळणावर वेग येतो ताशी १० किलोमीटर आणि १२ मीटरच्या वळणावर ताशी २०. त्रिज्या चौपट तर वेग दुप्पट, आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते म्हणजे तीही चौपट! (गाडी कोपऱ्याला चिकटून वळत नाही, त्यामुळे खरे वेग दोन्हीकडे थोडे जास्तच.)

पण खरी गंमत पुढेच. समजा गल्ली ७ मीटर रुंद आहे आणि तुम्ही मेन रोडच्या कडेपासून १ मीटर आत, फुटपाथच्या सरळ रेषेत चालताय. कोपरा ३ मीटर त्रिज्येचा असेल तर वक्रामुळे प्रत्येक बाजूला पाऊण मीटर वाढतं, एकूण साडेआठ मीटर ओलांडायचं. १२ मीटरचा असेल तर प्रत्येक बाजूला सव्वासात मीटर, एकूण जवळजवळ साडेएकवीस! पायथागोरस लावून बघा कागदावर, मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या हिशेबाने ७ सेकंदांचं काम १८ सेकंदांवर जातं, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला तर अर्धा मिनिट. गल्ली तीच, नुसता कोपरा गोल केला.

त्यात आपल्याकडे डावीकडून गाड्या चालतात. डावीकडे वळणारा माणूस उजवीकडून कोण येतंय ते बघत असतो, मान तिकडे, आणि चालणारा उभा असतो डाव्या हाताला. फ्री लेफ्टवर, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळता येतं तिथे, म्हणून चालणाऱ्याच्या काळजात धस्स होतं.

अशा ठिकाणी दोन-तीन अपघात झाले की लोक नारळ फोडतात, लिंबू टाकतात, अमावस्येला उतारा ठेवतात, "जागाच वाईट हाय" म्हणतात. जागा वाईट असेलही, पण ती मीटर टेपने मोजता येते.

बेळगाव २०१६ मध्येच स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, तेव्हापासून फुटपाथ म्हटलं की लोकांची चर्चा फरशी आणि दिव्यांच्या खांबांवरच अडकते. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलीत फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी असं साधं लिहिलंय, ते बघायला टेप पुरते, ॲप लागत नाही. उंच फुटपाथवर म्हातारी माणसं चढत नाहीत, खालूनच चालतात. खडेबाजार, गणपत गल्लीकडे जुने कोपरे टोकदार आहेत, तिथे गर्दीत गाडीवाला मुकाट हळू होतो, बोर्ड लावायची गरज पडत नाही.

आता तुम्ही म्हणणार, उसाची डबल ट्रॉली कशी वळायची? शिवजयंतीचा चित्ररथ, गणपतीची गाडी? रास्त प्रश्न हाय. त्याला उपाय आहे: फुटपाथच्या कडेचा कोपरा मोठाच ठेवायचा, पण त्याला लागून रस्त्याच्या बाजूला खडबडीत दगडांचा पाच-सहा सेंटीमीटर उंच पट्टा करायचा. ट्रॉलीचं मागचं चाक त्यावरून आरामात जातं, कारवाला मात्र गाडी हादरते म्हणून तो पट्टा टाळून लहान त्रिज्येत वळतो. चालणाऱ्यांना थांबायची जागा मात्र त्या पट्ट्याच्याही मागे हवी, नाहीतर लोक तिथेच उभे राहणार आणि वरून ट्रॉली. दगड बसवायच्या आधी महिनाभर प्लास्टिकचे कोन आणि चुन्याची रेघ मारून बघता येतं, चुकलं तर रेघ पुसून दुसरी मारायची.