पीएफ वेगळा, ईएसआय वेगळी: शिलाई कारखान्यातल्या पगार स्लिपवरच्या दोन ओळी

आमच्या विदर्भातल्या खेड्यांतून तिरुपूर, बंगळुरू, भिवंडीकडे शिलाईच्या कामाला गेलेली पोरं-पोरी दिवाळीला घरी येतात आणि मोबाइलवरची पगार स्लिप पुढे करून विचारतात, "हे पैसे कटते, ते भेटतीन कवा?" बोट कपातीच्या रकान्यावर असतं. त्या रकान्यात ओळी मात्र दोन असतात: एक पीएफ, दुसरी ईएसआय. कोणी दोन्हीला मिळून पीएफच म्हणतं. कोणी समजतं, दोन्ही विमेच आहेत, गेले ते गेले. मग कोणाचा पीएफ वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, आणि हाताला सुई लागलेली पोरगी स्वतःच्या पैशानं खाजगी दवाखान्यात टाके घालून घेते, तेव्हा तिच्याच पगारातून दर महिन्याला दवाखान्याचे पैसे कटत असतात.

पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ही तुमच्या नावावर साठणारी बचत आहे. ती व्याजासकट तुमचीच असते आणि नोकरी सुटली तरी कुठे जात नाही. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, हा आजारपण, अपघात आणि बाळंतपणासाठीचा विमा आहे. त्यात तुमच्या नावावर काही साठत नाही, म्हणून तो 'काढता'ही येत नाही. पीएफच्या मागे लागायला उशीर झाला तरी पैसा जागेवर असतो. ईएसआयमध्ये मात्र बऱ्याच गोष्टी कामावर असतानाच वापराव्या लागतात, नाहीतर हक्क हातचा जातो. बाहेरगावी राबणाऱ्या माणसासाठी दोन्हीतला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा.

आता आकडे पाहू. समजा एखाद्या टेलर मुलीचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आणि इतर भत्ते १,५०० रुपये, म्हणजे एकूण १३,५००. पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये. ईएसआय एकूण पगारावर ०.७५ टक्के, म्हणजे १०२ रुपये. मालकालाही भरावं लागतं: पीएफपोटी तेवढेच १२ टक्के आणि ईएसआयपोटी ३.२५ टक्के, म्हणजे ४३९ रुपये. मालकाचा हा वाटा तुमच्या पगारातून कापणं बेकायदा आहे. स्लिपवर पीएफच्या नावानं १२ ऐवजी २४ टक्के कटलेले दिसले, तर ते तिथंच विचारा.

त्या महिन्यात तिनं १,५०० रुपयांचा ओव्हरटाइम केला, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता येण्याआधीच्या नियमानं काय व्हायचं? ईएसआय ११३ रुपये कटायची, पीएफ १,४४० च राहायचा. ओव्हरटाइमवर पीएफ लागत नव्हता, ईएसआय लागत होती. सीझनला रोज दोन-तीन तास जादा बसणाऱ्या पोरींच्या स्लिपवर एक आकडा हलायचा आणि एक हलायचा नाही, त्याचं कारण हे. ओव्हरटाइम हा दुप्पट दरानं द्यायचा असतो. 'टार्गेट पूर्ण झालं नाही म्हणून थांबा' असं सांगून बसवून घेतलेला वेळही कामाचाच वेळ आहे. तो स्लिपवर ओव्हरटाइम म्हणून दिसला नाही, तर मजुरी बुडते.

ईएसआय महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू होते. ही मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. म्हणून जादा कामामुळे एखाद्या महिन्यात हातात २२,००० पडले, तरी ईएसआय सुटत नाही.

पीएफच्या आतही एक गुंता आहे. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ३.६७ टक्केच पीएफच्या खात्यात येतात. वरच्या मुलीच्या बाबतीत १,४४० पैकी १,००० पेन्शनला आणि ४४० पीएफला. "कंपनीनं माह्या पैसा अर्धाच भरला" ही तक्रार गावोगाव ऐकू येते, तिचं मूळ बऱ्याचदा इथं असतं. वर्षभरात तिच्या खात्यात स्वतःचे १७,२८० आणि मालकाचे ५,२८० असे २२,५६० रुपये जमतात, त्यावर व्याज वेगळं. २०२४-२५ साठी व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. पेन्शनचे १२,००० निराळे. दहा वर्षं नोकरी भरली तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून महिन्याचं पेन्शन मिळतं. दहा वर्षं भरण्याआधी काम सोडलं तर पेन्शनचा भाग वेगळ्या अर्जानं, म्हणजे फॉर्म १०-सी भरून, मागावा लागतो. नुसता पीएफ काढून आलेली कितीतरी पोरं हा अर्ज भरतच नाहीत.

या पैशासाठी एजंटला टक्केवारी द्यायची काही गरज नाही, अर्जाला शुल्क नाही. लागतो तो यूएएन, म्हणजे जन्मभराचा एकच बारा आकडी नंबर, आधार आणि बँक खातं. अडतं ते नावावर. आधारवर 'ताराबाई', कारखान्याच्या कागदावर 'तारा', बँकेत माहेरचं आडनाव, एवढ्यावर अर्ज परत येतो. ही दुरुस्ती कारखान्यात असताना सोपी असते, गावी येऊन बसल्यावर जिकिरीची. दुसरी अडचण म्हणजे काम सोडल्याची तारीख. ती मालकानं भरली नाही, तर शेवटचा पीएफ जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी स्वतःला ऑनलाइन भरता येते. म्हणजे सुपरवायझरच्या पाया पडायला परत तिरुपूरला जायला नको.

ईएसआयबद्दल जास्त बोलायला हवं, कारण पीएफ निदान लोक विचारतात तरी.

कामाला लागल्या दिवसापासून कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना ईएसआयच्या दवाखान्यात उपचार मिळतात. घरचे म्हणजे कारखान्याच्या गावात सोबत राहणारेच, असं नाही. नवरा बंगळुरूला आणि बायको-लेकरं दारव्ह्याला असतील, तर घरच्यांचा पत्ता वेगळा नोंदवून त्यांच्यासाठी जवळचा ईएसआय दवाखाना निवडता येतो. नागपुरात सोमवारी पेठेत राज्य कामगार विमा योजनेचं मोठं रुग्णालय आहे. घरच्यांसाठी ईएसआयचं कार्ड काढायला फार कोणी जात नाही, कारण 'ईएसआय म्हणजे तिकडचा दवाखाना' असं मनात पक्कं बसलेलं असतं.

आजारी पडून रजा पडली तर पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. वर्गणीचे काळ दोन: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या काळातल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबरमध्ये. आता आपल्याकडचं स्थलांतर आठवा. पेरणीला घरी, मग दोन महिने कारखान्यात, कापूस वेचणीला पुन्हा घरी. अशा ये-जा करणाऱ्यांचे ७८ दिवस बहुतेक भरतच नाहीत. पैसे कटतात आणि भत्ता लागू होत नाही. महिनाभर आणखी थांबल्यानं दिवस भरत असतील, तर परतीचं तिकीट काढण्याआधी हा हिशोब करावा.

टीबी, कॅन्सर यांसारख्या ३४ लांबच्या आजारांसाठी भत्त्याचा दर ८० टक्के होतो आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते, पण त्यासाठी विम्याखाली दोन वर्षं काम झालेलं असावं लागतं. एका खोलीत आठ-दहा पोरी झोपणाऱ्या हॉस्टेलांत टीबीचं भय किती, हे सांगायला नको. पण खोकला लांबला की सुपरवायझर 'घरी जा' म्हणतो आणि पोरगी गाडीत बसते. बहुतेक वेळा ती राजीनामा देऊनच आलेली असते, तिनं द्यायला नको होता. रजा ईएसआयच्या डॉक्टरकडून नोंदवली असती, तर भत्ता मिळाला असता. गावच्या खाजगी डॉक्टरची चिठ्ठी तिथं सहसा चालत नाही.

बाळंतपणाचंही असंच आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात पोरगी काम सोडून येते. कामावरून सुटी घेणं आणि काम सोडणं यांत इथं हजारो रुपयांचा फरक आहे. आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर २६ आठवडे पूर्ण पगाराइतका भत्ता ईएसआयकडून मिळतो, आणि त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन किंवा जास्त मुलं असतील तर मुदत १२ आठवडे. वरच्या मुलीच्या पगारावर २६ आठवडे म्हणजे साधारण ८०,००० रुपये. त्यासाठी माहेरी येणं सोडावं लागत नाही. रजेचा कागद घेऊन यायचं असतं, राजीनामा देऊन नाही.

कामावर इजा झाली तर दिवस भरण्याची अटच नाही. पहिल्या दिवशी कामाला लागलेल्या हेल्परचा हात कटिंग मशीनखाली आला, तरी बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पुढे दर महिन्याला रक्कम सुरू राहते. हॉस्टेलवरून कारखान्यात जाता-येताना झालेला अपघातही यात धरतात. अट एकच, अपघाताची नोंद झाली पाहिजे. 'बाहेर पडला होता' असं लिहून पट्टी बांधून परत पाठवलं, तर पुढे सिद्ध करणं फार कठीण जातं. ही नोंद करून घेण्यासाठी जमेल तेवढं भांडावं, सोबतच्या पोरींनी साक्षीला उभं राहावं.

ही दोन वेगळी संरक्षणं आहेत, हे नागपूरला नवं नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ ला पेन्शन फंड आला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात झाली. म्हातारपणासाठी एक, इजेसाठी दुसरं, असं तेव्हाच वेगळं ठेवलेलं होतं. ईएसआयचा कायदा त्यानंतर १९४८ ला आणि पीएफचा १९५२ ला आला. ती मिल आता नाही. पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांचे भोंगेही पूर्वीसारखे वाजत नाहीत. कापूस अजून इथंच पिकतो आणि त्याचे कपडे शिवायला आमची पोरं हजार किलोमीटरवर जातात. अमरावतीजवळच्या पीएम मित्र पार्कची, म्हणजे सरकारी योजनेतल्या कापड कारखान्यांच्या वसाहतीची, पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. तिथं कारखाने उभे राहिले आणि घराजवळ काम मिळालं, तरी स्लिपवर ह्याच दोन ओळी असतील.

आता ठेकेदाराबद्दल. गावात येणारा ठेकेदार म्हणतो, "आमच्याकडं कटिंग नाही, पूर्ण पगार हातात." ऐकायला गोड वाटतं. पण वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला पीएफ आणि दहा किंवा जास्त असलेल्याला ईएसआय बंधनकारक आहे, कामगार ठेकेदाराचा असला तरी. ठेकेदारानं भरलं नाही तर जबाबदारी मूळ कारखान्यावर येते. हातात १,५०० जास्त पडले म्हणून मालकाचा पीएफ, पेन्शन, दवाखाना आणि अपघाताचं संरक्षण सोडणं हा तोट्याचा सौदा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं सक्तीचं आहे. जाण्याआधी ते मागावं. त्यावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे, ते घरच्यांनीही वाचून ठेवावं.

कारखाना बदलला तर यूएएन आणि ईएसआयचा विमा नंबर दोन्ही जुनेच सांगावेत. एकानं दुसरा कळत नाही, दोन्ही कार्यालयं वेगळी आहेत. नवा यूएएन निघाला तर पैसा दोन खात्यांत विभागतो, पण तो उशिरा का होईना एकत्र करता येतो. ईएसआयचा दुसरा नंबर निघाला तर जुन्या नंबरावरचे दिवस नव्यात दिसत नाहीत, आणि ऐन बाळंतपणात ७० दिवस कमी पडतात.

कामगार दगावला तर हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. मृत्यू कामावरच्या अपघातानं झाला, तर ईएसआय त्याच्या मजुरीच्या ९० टक्के रक्कम दरमहा विधवा आणि मुलांना वाटून देते. मृत्यू कामाबाहेरच्या कारणानं झाला, साध्या तापानं झाला, तर ईएसआयकडून अंत्यविधीचे १५,००० रुपये एवढंच. पीएफमध्ये मात्र कारण पाहत नाहीत. नोकरीत असताना मृत्यू आला की खात्यातली शिल्लक, त्याशी जोडलेल्या विम्याची कमाल ७ लाखांपर्यंतची रक्कम आणि विधवेला पेन्शन, हे तिन्ही मिळतं. त्या पेन्शनसाठी एका महिन्याची वर्गणीही पुरते. कंपनीच्या माणसानं मयताच्या घरी पाकीट आणून दिलं, म्हणून यातलं काही फिटत नाही. पीएफचा अर्ज पीएफ कार्यालयात, ईएसआयचा ईएसआय कार्यालयात, आणि दोन्हीकडे मृत्यूचा दाखला वेगवेगळा द्यावा लागतो. पीएफमध्ये लग्नाआधी आईच्या नावानं केलेलं नामांकन लग्न झाल्यावर रद्द ठरतं. म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा कामावर जाल, तेव्हा बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव ऑनलाइन नव्यानं भरून घ्या.