लंग विंडो आणि लंग कर्नल: एका नावाखाली दोन गोष्टी

‘फार दाणेदार दिसतंय, स्कॅनच खराब आलाय’ हे छातीच्या सीटी स्कॅनबद्दल मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. बहुतेक वेळा स्कॅन उत्तम असतो. उघडलेली सिरीज (एकाच स्कॅनमधून घडवलेला चित्रांचा एक संच) चुकीची असते.

विंडो सगळ्यांना येते, म्हणून थोडक्यात. प्रत्येक पिक्सेलला घनता सांगणारा हाउन्सफिल्ड आकडा असतो: पाणी ०, हवा उणे १०००. त्यातला कोणता पट्टा काळ्या-पांढऱ्यात पसरून दाखवायचा, एवढंच विंडो ठरवते. लंग (फुप्फुसांच्या) विंडोची विड्थ (पट्ट्याची रुंदी) साधारण १५०० आणि लेव्हल (पट्ट्याचा मध्य) उणे ६००, म्हणजे उणे १३५० ते १५०. मीडियास्टायनल विंडोची (दोन फुप्फुसांमधल्या हृदय, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांसाठीची) ४०० आणि ४०, म्हणजे उणे १६० ते २४०. माउस ओढला की चित्र बदलतं, फाइलमधला आकडा एकही बदलत नाही.

कर्नल (लष्करातला नव्हे, गणिती फिल्टर) त्याच्या आधी येतो. स्कॅनरच्या कच्च्या डेटातून चित्र घडवताना तो वापरला जातो आणि आकडेच वेगळे येतात. शार्प कर्नलने कडा धारदार होतात, पण नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) वाढतो. सॉफ्टने नॉइज दबतो, बारीक कडा विरघळतात. गहू जाड दळायचा की बारीक, हे कर्नल. दळलेलं पीठ कोणत्या उजेडात बघायचं, ही विंडो.

घोळ होतो तो नावामुळे. कन्सोलवर ‘लंग’ नावाची जी सिरीज असते, तिच्यात शार्प कर्नल आणि लंग विंडो दोन्ही एकदम येतात. मग कुणीतरी तीच सिरीज मीडियास्टायनल विंडोत नेतो आणि पडद्यावर रवा सांडतो. हिशेब साधा आहे. नॉइजचा चढउतार ४० युनिटांचा धरा. १५०० च्या पट्ट्यात तो तीन टक्केही नाही, नजरेत भरत नाही. ४०० च्या पट्ट्यात तोच दहा टक्के होतो. नॉइज आधीपासून होताच, अरुंद विंडोने तो फक्त उघडा पाडला. आणि यावर किरणांचा डोस वाढवा म्हणणारे भेटले की माझा तोल जातो.

उलटही होतं: सॉफ्ट सिरीज लंग विंडोत उघडायची. चित्र दिसतं छान, गुळगुळीत, पण फिशरची (फुप्फुसाच्या खंडांमधल्या फटीची) रेघ आणि बारीक सेप्टा (आतले पातळ पडदे) पुसट झालेले असतात. गुळगुळीत म्हणजे चांगलं असं मानणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

मोजमापात तर फरक महागात पडतो. शार्प कर्नल लहान नोड्यूलची (फुप्फुसातल्या गाठीची) कड उगाच उजळवतो, त्यातून नसलेलं कॅल्शियम दिसू शकतं. म्हणून घनता मोजायची ती सॉफ्टवर. एम्फिसीमासाठी (फुप्फुसातले हवेचे कप्पे फाटून मोठे होण्याचा आजार) उणे ९५० खालचे पिक्सेल मोजतानाही शार्पच्या नॉइजमुळे आकडा फुगतो. विंडोचीही खोड आहेच: ग्राउंड ग्लास (धूसर, फिकट) नोड्यूल मीडियास्टायनल विंडोत चक्क गायब होतो. आकार लंग विंडोतच मोजा, हे छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे.

फिल्मवर किंवा व्हॉट्सॲपवरच्या फोटोत विंडो गोठलेली असते. सीडीवरच्या डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या मूळ) फाइलमध्ये ती बदलता येते, कर्नल मात्र सीडीवरूनही बदलत नाही. त्याला कच्चा डेटा लागतो आणि स्कॅनर तो फार दिवस ठेवत नाही. गहूच संपले तर पुन्हा दळणार काय? म्हणून मी दोन्ही सिरीज त्याच दिवशी काढून पाठवतो. नोड्यूलची आठवण लोकांना दोन महिन्यांनी होते.