चित्रकाराचं जुनं पत्र सापडलंय? लॅमिनेट करू नका, आधी आमच्याकडे आणा

माळ्यावरच्या ट्रंकेत रविवर्म्यांच्या छापील चित्रांबरोबर एखादं शाईचं पत्र निघतं. बहुतेक जण ते आधी झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करतात आणि मग आमच्याकडे, म्हणजे जुन्या कागदांची दुरुस्ती आणि जतन करणाऱ्यांकडे, येतात. पत्र जपावं हाच त्यामागचा हेतू असतो, पण आमचं सगळ्यात जास्त काम याच एका गोष्टीने वाढतं, आणि कधी कधी ते होतच नाही.

लॅमिनेशनमध्ये प्लास्टिकवरचा गोंद उष्णतेने वितळून कागदाच्या तंतूंत मुरतो. तो काढायला सॉल्व्हंट, म्हणजे गोंद विरघळवणारं द्रव, लागतं, आणि जुनी जांभळी शाई बऱ्याचदा त्याच सॉल्व्हंटमध्ये सुटते. काळी, आता तपकिरी पडलेली शाई लोहाची असते. तिच्यातलं आम्ल मुळातच कागद खात असतं, आणि प्लास्टिकमध्ये कोंडलं की ते तिथेच काम करत राहतं. सेलोटेपचंही तसंच: काही वर्षांनी टेप गळून पडते, पण तिचा पिवळा डाग राहतो.

दोन वर्षांपूर्वी एक ताई आजेसासऱ्यांना आलेलं पत्र घेऊन आल्या. चित्रकाराने दुकानदाराला विचारलं होतं, लक्ष्मीच्या किती प्रती उरल्या, सरस्वतीची मागणी का थांबली, मागचा हिशेब कधी पाठवता. पत्र लॅमिनेट केलेलं होतं. आम्ही एक कोपरा उकलला, एका पूर्णविरामावर सॉल्व्हंटचा सुईच्या टोकाएवढा थेंब ठेवला आणि टिपकागद दाबला. टिपकागदावर जांभळा ठिपका उमटला. तिथेच थांबलो. ते पत्र आजही प्लास्टिकमध्येच आहे.

"हिशेबाच्या पत्रात एवढं काय?" असं बरेच जण विचारतात. आमच्या मते खरं मोल तिथेच आहे. युरोपात चित्रांच्या छापील प्रती काढून घ्याव्यात, हा सल्ला बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना १८८४ मध्ये पत्रातूनच दिला होता. दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, गिरगावात रविवर्म्यांचा छापखाना निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे. देवादिकांची चित्रं घराघरांत पोचली, पण प्रती कोणी मागवल्या, पैसे कसे अडकले, कुठला रंग बिघडला हे चित्रावर छापलेलं नसतं. ते अशा कागदांतच मिळतं. म्हणून पाकीटही फेकू नका. पत्रावर तारीख नसली तरी टपालाच्या शिक्क्यावरून ती लागते.

चित्रावर सही आहे म्हणजे ते हाताने रंगवलेलं मूळ चित्र, असं मात्र समजू नका. ओलिओग्राफवर, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील प्रतीवर, सहीसुद्धा छापलेलीच असते, भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसतात. चित्रातल्या साडीवर आजीने लावलेल्या टिकल्या आणि जर काढू नका, आणि ओल्या फडक्याने पुसूही नका.

आम्ही फोटोवरून किंमत सांगत नाही. त्याने काही ग्राहक नाराज होतात, हे आम्हाला माहीत आहे. पण टाकाने कागदावर पडलेला दाब आणि मागे उतरलेली शाई फोटोत दिसत नाही, आणि हस्ताक्षराच्या छापील नकलाही फिरतात. तपासणीची फी घेतो. पुढे काम दिलंत तर ती बिलातून वजा होते. शाई "उजळून" देत नाही, कितीही आग्रह केलात तरी. वेळ लागतो, कारण प्रत्येक शाईची चाचणी वेगळी करावी लागते.

पत्र आणताना घडी जशी आहे तशीच राहू द्या, जबरदस्तीने उलगडू नका. दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा, बाहेरून पुठ्ठा लावा. पावसात आणू नका. थांबलं तरी चालेल. आम्ही स्कॅन करून देतो, मोडीतलं असेल तर बाळबोधीत उतरवून देतो, आणि आम्लरहित कागदाची पेटी मापाने बनवून देतो. ज्यांना भिंतीवर लावायचं असतं त्यांना स्कॅनची प्रत फ्रेम करून देतो. मूळ पत्र पेटीत, अंधारात राहू द्या.