‘साठवता येत नाही’: बॉडी स्कॅनरच्या वादामागचा इतिहास

२००९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला चाललेल्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात दडवलेली स्फोटकं पेटवण्याचा प्रयत्न केला. धातू नसल्याने ती धातुशोधक चौकटीला कळण्यासारखी नव्हती. २००७ पासून फिनिक्समध्ये चाचणीवर असलेले स्कॅनर त्यानंतर अमेरिकेत भराभर बसले. काही एक्स-रे वापरणारे, काही मिलिमीटर लहरींचे. पण कपड्यांआडचं शरीर दोन्हींत उमटायचं. ते चित्र वेगळ्या खोलीत बसलेला कर्मचारी बघायचा आणि रांगेतल्या सहकाऱ्याला वायरलेसवर कळवायचा.

प्रवाशांना सांगितलं जाई, की चित्र साठवता येत नाही. सगळा गुंता या तीन शब्दांत आहे. जानेवारी २०१० मध्ये एका नागरी हक्क संघटनेने माहितीच्या कायद्याखाली खरेदीची कागदपत्रं मिळवली. चाचणीच्या वेळी चित्र साठवण्याची आणि पाठवण्याची सोय यंत्रात हवी, अशी त्यांत अटच होती; विमानतळावर ती फक्त बंद ठेवायची. ‘येत नाही’ आणि ‘बंद ठेवलं आहे’ यांत फार अंतर आहे. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या एका न्यायालयाच्या दारातल्या स्कॅनरमध्ये सुमारे ३५,००० चित्रं साठलेली निघाली. ते यंत्र विमानतळावरचं नव्हतं. पण शंका रास्त होती हे त्यातून दिसलं.

जुलै २०११ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की लोकांच्या हरकती न मागवता हे स्कॅनर लादणं चूक. पण तपासणी घटनाबाह्य नाही. यंत्रं चालूच राहिली. हरकती मागवून स्कॅनरचा नियम पक्का व्हायला २०१६ उजाडलं. माझ्या मते हा उशीर निकालाइतकाच महत्त्वाचा आहे.

फरक पडला तो २०१२ च्या कायद्याने. शरीराच्या चित्राऐवजी सर्वांसाठी एकच ढोबळ आकृती आणि संशयाच्या जागी चौकोन, अशी सक्ती झाली. एक्स-रेच्या यंत्रांना ते जमलं नाही, २०१३ मध्ये ती विमानतळांवरून हटली. युरोपने २०११ मध्येच एक्स-रे नाकारून प्रवाशाला नकाराचा हक्क दिला होता.

साडीचा प्रश्न आपल्याला जवळचा. डिसेंबर २०१० मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर भारताच्या तत्कालीन राजदूतांना साडी नेसल्यामुळे बाजूला घेऊन त्यांची अंगझडती झाली, तेव्हा भारताने निषेध नोंदवला. २०१९ मध्ये आपल्याकडेही ८४ विमानतळांवर वर्षभरात स्कॅनर बसवण्याचा आदेश निघाला. ती मुदत टळली. खरेदीच्या अटींत चित्र साठवण्याची सोयच नको असं लिहिणं यंत्रं येण्याआधीच शक्य असतं.