पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी

गणपती आठवड्यावर आले होते आणि बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंचा कॉम्प्युटर सुरूच होईना. मंडळाच्या वर्गणीचा सगळा हिशेब त्यात. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, दिवा लागायचा, स्क्रीन मात्र काळीच. दुरुस्तीवाल्याने उभ्या उभ्या निकाल दिला, "बोर्ड गयुं," म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्डच गेला. काकू म्हणाल्या, "अरे, तू एकदा बघ ना, मग घेऊ नवा."

पंखा फिरतो म्हणजे वीज ठीक, हा समज आधी सोडावा लागतो. पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात. भिंतीतली वीज घेऊन ती आतल्या भागांना पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, बोर्डाला ५ आणि ३.३ व्होल्टही देतो. विजेचे हे सगळे दाब जागेवर आले की सेकंदाच्या दहाव्या ते अर्ध्या भागात तो बोर्डाला 'ठीक आहे' असा संकेत पाठवतो. तोवर प्रोसेसर रोखून धरलेला असतो. एखादा दाब ढासळलेला असेल, तर पंखा खुशाल फिरतो आणि प्रोसेसर एकही सूचना वाचत नाही. मी मल्टिमीटर लावला: ११.९, ५.०४, ३.३१. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे सप्लायवरचा संशय बराच कमी झाला. सप्लायचा डबा मात्र कुणीही उघडू नये. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

संकेत मिळाला की प्रोसेसर बोर्डावरच्या बायोस चिपमधून, म्हणजे सुरू होतानाच्या सूचना साठवलेल्या चिपमधून, पहिली सूचना उचलतो. या घडीला रॅम, म्हणजे कामापुरती तात्पुरती स्मृती असलेली पट्टी, वापरात आलेलीच नसते, तिची ओळख पटवणं हे पुढचं काम. स्क्रीनवर अक्षर उमटणं त्याच्याही नंतरचं. मग रॅमच बिघडली तर बोर्डाने सांगायचं कसं? आवाजाने. स्पीकर वाजवायला रॅम लागत नाही, म्हणून पीं-पींची ही भाषा आली. कोणत्या पींचा काय अर्थ, हे बायोस बनवणाऱ्यागणिक बदलतं, तेव्हा आपल्या बोर्डाचं माहितीपुस्तक बघावं.

काकूंच्या कॉम्प्युटरच्या डब्यात स्पीकरच नव्हता. मी चार पिनांचा एक छोटा स्पीकर आणून बोर्डाला लावला. बटण दाबलं आणि लांबलचक पीं, थोडं थांबून पुन्हा पीं. मला इतका आनंद झाला! कारण ओरडणाऱ्या बोर्डाचा प्रोसेसर चालू आहे, बायोस चिप वाचली जाते आहे. खरी काळजी शांततेची. दोन्ही रॅम काढूनही स्पीकर गप्प राहिला असता, तर संशय बोर्ड किंवा प्रोसेसरवर गेला असता.

आता रॅम तपासायची होती, म्हणून आधी हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह सोडवून ठेवले. रॅमला हात लावण्याआधी भिंतीतली वायर काढायची आणि सुरू करायचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरायचं, कारण कॉम्प्युटर बंद असला तरी वायर जोडलेली असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्ट असतातच. या डीडीआर ३ रॅमला २४० पिना, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यांच्यावर पुसट मळ बसला होता. खोडरबराने हलकेच पुसून एकच रॅम लावली: पीं-पीं तशीच. ती काढून त्याच खाचेत दुसरी लावली. एकच छोटी पीं, आणि मॉनिटर उजळला.

खाच चांगली हे कळलं. पण पहिली रॅम खरंच मेली, की फक्त नीट बसली नव्हती? म्हणून ती दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, पुन्हा तीच आरोळी. दोन्ही खाचांत तीच गोष्ट, म्हणजे दोष रॅमचाच. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणून हे सांगता आलं. दोन्ही रॅम एकदम नव्या घातल्या असत्या तर कॉम्प्युटर चालला असता, पण चांगली रॅमही कचऱ्यात गेली असती.

डिस्क जोडून सुरू केल्यावर पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २०१२. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणाऱ्या, बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलवर मीटर ठेवला, तीनऐवजी २.१ व्होल्ट. काकू हिशेबाची फाईल उघडेपर्यंत मी खाली जाऊन नवा सेल घेऊन आलो.