जुनी वेकबोट घेताय? आधी झिंक बघा

वेकबोर्डिंग म्हणजे बोटीला बांधलेली दोरी धरून, फळीवर उभं राहून पाण्यावरून सरकायचं. त्यासाठीची जुनी बोट विकणारा आधी इंजिन किती तास चाललंय ते सांगतो. मुंबईत खरा प्रश्न वेगळा आहे: बोट आजवर राहिली कुठल्या पाण्यात? धरणाच्या गोड्या, की मांडव्याच्या खाऱ्या?

या खेळाला बोटीमागची लाट उंच लागते, कारण उडी तिच्यावरूनच घ्यायची. बोट जड असेल तर ती जास्त पाणी बाजूला सारते आणि लाट वाढते. म्हणून तिच्या पोटातल्या टाक्यांत शेकडो लिटर पाणी मुद्दाम भरतात. यातल्या कितीतरी बोटी अमेरिकेतल्या तळ्यांसाठी घडवलेल्या. तिथे तळ्याचंच पाणी इंजिनातून फिरवून बाहेर सोडलं तरी भागतं. आपल्याकडे त्याच वाटेने समुद्र आत शिरतो.

समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहते. काशाचा पंखा, पोलादी शाफ्ट, अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग असे वेगवेगळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात बुडवले की विद्युतघट तयार होतो आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजू लागतो. यावर तोडगा काढला हम्फ्री डेव्हीने, १८२४ च्या सुमारास. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे. त्याने त्याला लोखंडाचे तुकडे जोडले. लोखंड झिजलं, तांबं वाचलं. पण विरघळणारं तांबं हेच समुद्री जिवांना विष होतं! ते थांबल्यावर तळावर बार्नेकल, म्हणजे चिकटून बसणारे कवचाचे जीव, खुशाल वाढले आणि नौदलाने उपायच गुंडाळला.

आज लोखंडाच्या जागी झिंक (जस्ताचा तुकडा) असतं. ते अर्धं खाल्लेलं दिसलं तर नाक मुरडू नका; ते काम करतंय. ‘दोन वर्षं बदललंच नाही’ असं सांगितलेलं झिंक कोरं करकरीत असेल, तर घाबरावं. एक तर त्याचा धातूशी संपर्क तुटलाय, नाहीतर कुणीतरी हौसेने त्यावर रंग फासलाय. तेवढी झीज मग पंख्या-शाफ्टच्या बाजूला शोधायची. गोड्या पाण्यातून आलेल्या बोटीला ही कसोटी लावू नका, तिथे झिंकवर थर धरतो आणि ते निकामी होतं. तिथे मॅग्नेशियम वापरतात.

इंजिनात समुद्राचं पाणी फार तापलं की कॅल्शियमचे क्षार नळ्यांत बसतात. उष्णता-विनिमयक असलेली बोट, म्हणजे इंजिनात गोडं पाणी आणि समुद्र फक्त बाहेरच्या नळ्यांत, मिळाली तर चार पैसे जास्त द्यावेत, असं माझं मत.

बोटी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तळ, पंखा, झिंक निवांत बघायला तोच काळ बरा. तळावर नाण्याने टकटक करत जा, बद्द आवाज आला तिथे आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. पण पाण्यातली चाचणी तेव्हा होत नाही. म्हणून इसार द्या, आणि उरलेले पैसे पावसाळा सरल्यावर, इंजिन तासभर चालवून तापमानाचा काटा बघितल्यावरच.