डीएनएस बदलला की ४८ तास थांबावंच लागतं? नाही

पणजी-म्हापशातल्या हॉटेलवाल्यांना हंगामाच्या तोंडावर साइट नव्या सर्व्हरवर हलवताना हमखास सांगितलं जातं, "बदल जगभर पसरायला ४८ तास लागतात." डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा, आणि तिच्यात खरं तर पसरत काहीच नाही. इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे हा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, जुनं उत्तर टीटीएल (साठवण्याची मुदत) संपेपर्यंत साठवतो, मग नवं विचारतो. ही मुदत सेकंदांत असते आणि ए रेकॉर्डसाठी, म्हणजे साइटच्या सर्व्हरचा आयपी (आकडी पत्ता) सांगणाऱ्या नोंदीसाठी, ती आपणच ठरवतो.

टीटीएल ८६४०० असेल तर हलवण्याच्या किमान २४ तास आधी तो ३०० करा. ऐनवेळी कमी करून उपयोग नाही, कारण आधी साठलेल्या उत्तरांना जुनीच मुदत लागू असते. मग आयपी बदला. बहुतेकांना पाचेक मिनिटांत नवी साइट दिसते. काही रिझॉल्व्हर मुदत ताणतात, म्हणून जुना सर्व्हर दोन दिवस चालू ठेवा. त्यावरचं बुकिंग मात्र कटाक्षाने बंद करा, नाहीतर एकच खोली दोन डेटाबेसांतून दोघांना विकली जाते.

४८ तासांचा आकडा आला कुठून? नेमसर्व्हर म्हणजे आपल्या साइटच्या डीएनएस नोंदी ठेवणारा सर्व्हर. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे ४८ तास, असतो आणि तो आपल्या हातात नसतो. त्यामुळे नेमसर्व्हरच बदलत असाल तर तेवढा काळ जुन्या-नव्या दोन्हीकडे सारख्याच नोंदी हव्यात. त्यात एमएक्स (ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी नोंद) राहिला तर ईमेल अडकतात.